घर लंडनला, कोट चिचोलीला

लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी, उंच घरं. दहा नंबरच्या भिंतीवर गोल निळी पाटी नसती तर मी सरळ पुढे गेले असते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, असं ती पाटी सांगते. चॉक फार्म स्टेशनपासून भाचा मला पायीच घेऊन आला होता. तिथे पोचल्यावर तो काहीतरी सांगत होता, पण माझं लक्षच नव्हतं.

मी उत्तर नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आई पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर गेली होती. आमच्या घरात बाबासाहेब म्हणजे भिंतीवरची तसबीर, कपाटातले ग्रंथ आणि आईचं बोलणं. परक्या देशात भाड्यानं राहणारा, तिशीतला, पैसे मोजून खर्च करणारा विद्यार्थी ही ओळख पुस्तकातून झाली होती. त्याच्या दाराशी मी पहिल्यांदाच उभी होते.

लंडनचं त्यांचं शिक्षण एकदा अर्धवट सुटलेलं होतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. सकाळी घरमालकिणीनं दिलेला पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, आणि रात्री भुकेला भाजलेले पापड. मी ग्रंथालयात नोकरी केली आहे. टेबलावरून न उठणारे वाचक मी पाहिलेत, पण उपाशीपोटी असं बसणारा पाहिला नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध याच मुक्कामातला. १९२३ मध्ये त्यांना त्याच्यावर डी.एस्सी. मिळाली.

२०१५ मध्ये हे घर विकायला निघालं. ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी ते घेण्याचा आग्रह धरला, आणि महाराष्ट्र सरकारनं तीस लाख पौंडांहून जास्त किंमत मोजून ते घेतलं. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आपल्याला वाटतं, खरेदीखत झालं, फीत कापली, म्हणजे संग्रहालय झालं. तिथे तसं नसतं. राहण्याचं घर ते राहण्याचंच. त्याचा वापर बदलायचा तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, मग मालक कुणी का असेना. ती घेतलेली नव्हती. २०१८ च्या सुरुवातीला कॅम्डेन कौन्सिलकडे तक्रार गेली. बसगाड्या भरून माणसं येतात, गोंगाट होतो, असं काही शेजाऱ्यांचं म्हणणं होतं. परवानगीचा अर्ज त्यानंतर केला गेला. कौन्सिलनं तो नाकारला; लंडनमध्ये राहायला घरं कमी, त्यातलं एक जाणार, हे कारण दिलं. सरकारनं अपील केलं, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाच्या बाजूनं निर्णय दिला. शेजाऱ्यांचा मला राग येत नाही. त्यांचा रस्ता खरंच शांत आहे. पण एक घर राहण्यातून वजा झालं तरी चालेल, संग्रहालयाचं मोल त्याहून मोठं आहे, हे त्या देशाच्या कायद्यापुढे मांडून पटवून द्यावं लागलं, याचा मला अभिमान वाटतो.

आत खोल्या त्या काळासारख्या मांडल्या आहेत. जेवणाच्या टेबलावर कागदपत्रं पसरलेली. पलंगाशेजारी पुस्तकं आणि चष्मा. चष्म्यापाशी मी थांबले, कारण मला चिचोली आठवली.

नागपूरहून काटोल रोडनं गेलं की फेटरीजवळ चिचोली लागते. तिथे शांतिवन आहे. दीक्षा सोहळ्यासाठी राबलेले वामनराव गोडबोले यांच्या धडपडीतून ते उभं राहिलं. बाबासाहेबांचे स्वीय सहायक नानकचंद रत्तू यांनी दिल्लीच्या घरातल्या वस्तू जपल्या होत्या. त्या गोडबोल्यांच्या हाती आल्या आणि चिचोलीला पोचल्या. कोट, कपडे, टाइपरायटर. दिल्लीतलं २६, अलीपूर रोड हे घर, जिथे ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी अखेरचा श्वास घेतला, ते मूळ रूपात आता नाही. त्या जागी पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. ते एप्रिल २०१८ मध्ये खुलं झालं. थोडक्यात, दिल्लीत घर गेलं आणि त्यातल्या वस्तू नागपूरकडे आल्या. लंडनला घर राहिलं, पण आतली मांडणी नंतरची.

कोट सांभाळणं सोपं काम नाही. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा. कापडाचे तंतू सुकतात, मग ओल शोषून फुगतात. असं दरवर्षी झालं की ते ठिसूळ होतात. लोकर तर कसरीचं आवडतं खाणं. घरी आपण डांबराच्या गोळ्या नाहीतर कडुलिंबाचा पाला टाकतो, पण इतक्या जुन्या कापडाला तेवढं पुरत नाही. कपाटातली हवा एकसारखी ठेवावी लागते, उजेड मंद लागतो, आणि घडीवर सतत घडी पडून कापड तिथेच तुटू नये म्हणून आतून मऊ आधार द्यावा लागतो. चिचोलीतल्या वस्तूंवर संवर्धन प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांकडून प्रक्रिया करून घेतली आहे. पण ही एकदा करून सोडण्याची गोष्ट नव्हे. दर पावसाळ्यानंतर कुणीतरी शिवण न् शिवण पाहिली पाहिजे.

मुंबईत दादरचं राजगृह आहे, पुस्तकांसाठी म्हणून बाबासाहेबांनी स्वतः बांधलेलं. तिथेही संग्रहालय आहे. परळच्या बीआयटी चाळीत पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्या आहेत, जिथे ते वीसेक वर्षं राहिले. लंडनचं घर भव्य वाटणाऱ्यानं आधी त्या खोल्या पाहाव्यात.

या सगळ्या जागांनी एकमेकींची नावं सांगितली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. लंडनच्या पलंगापाशी स्वच्छ लिहावं, की ही मांडणी आज केलेली आहे. त्यांच्या अंगावरचा कोट पाहायचा तर नागपूरजवळ चिचोलीला जा. आणि चिचोलीत लंडनच्या घराचा एक मोठा फोटो असावा, पत्त्यासकट. काटोल, कळमेश्वरच्या शाळांच्या सहली तिथे जातील तेव्हा पोरांना कळेल, की आपल्या गावाजवळचा हा कोट घालणारा माणूस रात्री पापड खाऊन कुठे अभ्यास करत होता.