विक्रीस नसलेल्या मोटारी

१७ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्स कंपनीचे ‘मोटोरामा’ प्रदर्शन भरले. तेथे लोटलेल्या गर्दीपुढे एक पांढरी, ठेंगणी, दोन आसनांची मोटार मांडलेली होती. आत लाल रंगाची आसने आणि वर कापडी टप. नाव ‘कॉर्वेट’. प्रवेश विनामूल्य होता, गाडी पाहावी तितका वेळ पाहता येत होती. फक्त विकत घेता येत नव्हती. ती नमुन्याची एकुलती एक गाडी होती आणि तिच्यामागे कोठल्याही गोदामात माल भरलेला नव्हता.

व्यापारी घराण्यातील वाचकांना नमुन्याचे महत्त्व सांगावयास नको. धान्याच्या बाजारात मूठभर दाणे पुडीत बांधून फिरविले जातात, कापडाच्या पेढीवर वीतभर तुकड्यांची वही असते. परंतु तेथे आधी माल असतो आणि मागाहून नमुना काढला जातो. अमेरिकेतील या बलाढ्य कंपनीने हा क्रम उलटा केला. माल अस्तित्वात नसताना नमुना घडवावयाचा, तो देशभर हिंडवावयाचा, लोकांचे डोळे कोठे खिळतात ते पाहावयाचे आणि मगच भांडवल गुंतवावयाचे. मोटारीच्या धंद्यात पत्र्याचा एक नवा भाग ठोकण्यासाठी लागणारे पोलादी साचे अतिशय महाग असतात. ते एकदा घडविले की चूक सुधारण्यास उशीर झालेला असतो. अशा धंद्यात दहा-पाच नमुना-गाड्यांवरील खर्च हा एका अर्थाने विम्याचा हप्ता ठरतो.

या पद्धतीचा जनक हार्ले अर्ल हा लॉस एंजेलिसचा. जन्म १८९३चा. त्याच्या वडिलांचा घोडागाड्यांच्या सांगाड्यांचा कारखाना होता. पुढे त्यात हॉलिवुडच्या नटनट्यांसाठी हौसेच्या मोटारी सजविल्या जाऊ लागल्या. मुलाने तेथेच हात बसविला. लाकूड आणि पत्रा ठोकून आकार ठरविण्याऐवजी तो मातीत आकार घडवीत असे. माती खरवडता येते, पुन्हा थापता येते, रेषा पटली नाही तर दुसऱ्या दिवशी बदलता येते. मातीचे हे काम आजही जगभरच्या मोटार कंपन्यांतून चालते.

त्या काळी हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ स्वस्त, टिकाऊ आणि कित्येक वर्षे केवळ काळ्या रंगात मिळत असे. जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी निराळा हिशेब मांडला. ज्याच्याकडे चालती गाडी आधीच आहे, त्याने नवी का घ्यावी? गाडी मोडली म्हणून नव्हे, तर जुनी दिसू लागली म्हणून! १९२७ मध्ये अर्लने आखलेली ‘लासाल’ मोटार बाजारात आली आणि त्याच वर्षी स्लोन यांनी ‘कला आणि रंग विभाग’ नावाचे स्वतंत्र खाते काढून त्याच्या हाती दिले. दिसण्यासाठी एक अख्खे खाते, ही कल्पना पोलाद आणि यंत्रे यांत वाढलेल्या अभियंत्यांच्या गळी सहजी उतरण्यासारखी नव्हती.

१९३८ साली या खात्यातून ‘वाय-जॉब’ ही गाडी बाहेर पडली. ब्यूइकच्या सांगाड्यावर बांधलेल्या या सतरा फुटी गाडीला सामान्यतः पहिली संकल्पना-मोटार मानले जाते. तिचे पुढचे दिवे झाकणाआड दडत, काचा विजेवर वर-खाली होत, टप यंत्राने मागे सरकून पत्र्याच्या झाकणाखाली नाहीसा होई. दारांच्या मुठी अंगाबाहेर आलेल्या नव्हत्या. दाराखालची पायफळी, जी त्या वेळच्या गाड्यांना हमखास असे, तिला फाटा दिलेला होता. चाके मुद्दाम तेरा इंचांची ठेवून गाडी जमिनीलगत आणली होती. अर्लचा आग्रहच होता की मोटार लांब आणि ठेंगणी दिसली पाहिजे. ही गाडी त्याने काचेच्या कपाटात ठेवली नाही. कित्येक वर्षे तो स्वतः ती डेट्रॉइटच्या रस्त्यांवर चालवीत असे. फिरता फलक म्हणा, किंवा सिग्नलपाशी थांबलेल्या प्रत्येकाची मूक जबानी घेणारा कारकून म्हणा, गाडीने दोन्ही कामे केली. पुढील दशकात तिच्यातील अनेक रेषा ब्यूइकच्या विक्रीच्या गाड्यांवर दिसू लागल्या.

महायुद्धानंतर विमानांचे वेड आले. १९५१ची ‘ल साब्र’ ही गाडी लढाऊ जेट विमानाच्या नावावरून आणि वळणावरून बेतलेली होती. तिच्यात पावसाचा थेंब ओळखणारी योजना होती. मालक जवळ नसला तरी सर येताच टप आपोआप वर चढे. तिची बाजूंना वळलेली समोरची अखंड काच दोनच वर्षांत कॅडिलॅकच्या महागड्या ‘एल्डोराडो’वर आली आणि मग स्वस्त गाड्यांपर्यंत झिरपली.

मोटोरामाचे मूळ मात्र मोटारीत नसून जेवणावळीत आहे. १९३१ पासून स्लोन हे न्यूयॉर्कच्या वार्षिक मोटार प्रदर्शनाच्या सुमारास वॉल्डॉर्फ-अस्टोरियात उद्योगपती आणि बँकर मंडळींना भोजनास बोलावीत. मंदीचे ते दिवस होते. ज्यांच्या हाती पतपुरवठा आहे त्यांना आपला माल जेवणाच्या टेबलाजवळच दाखवून ठेवावा, हे शहाणपण कोणाही कर्जदाराने शिकावे असे आहे. १९४९ मध्ये या भोजनाच्या जोडीला सर्वसामान्यांसाठी मोठे प्रदर्शन मांडले गेले. १९५० पासून ‘मोटोरामा’ हे नाव आले आणि १९५३ पासून हा सरंजाम न्यूयॉर्कबाहेर मायामी, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतून फिरू लागला. नाचगाणी, वाद्यवृंद, फिरते मंच, सारे काही त्यात असे. केवळ १९५३ साली सुमारे चौदा लाख लोकांनी ते पाहिले. १९६१ पर्यंतच्या सर्व प्रदर्शनांची बेरीज एक कोटीच्या पुढे जाते. १९५६ मध्ये तर ‘भविष्यातील स्वयंपाकघर’ही मांडले होते, कारण शीतकपाटे बनविणारी ‘फ्रिजिडेअर’ कंपनी जनरल मोटर्सच्याच मालकीची होती. नवऱ्याचे डोळे मोटारीवर आणि गृहिणीचे ओट्यावर, अशी ही मांडणी. त्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारींपैकी साधारण एक याच कंपनीची असे, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्या खटाटोपाचा अर्थ लागतो.

आता पुन्हा त्या पांढऱ्या कॉर्वेटकडे वळू. लोकांनी तिला डोक्यावर घेतले आणि कंपनीने विलक्षण घाई केली. जानेवारीत नमुना दाखविला, ३० जूनला मिशिगनमधील फ्लिंट येथे पहिली विक्रीची गाडी तयार! पत्र्याचे साचे करण्यास वेळ नव्हता आणि एवढ्या थोड्या गाड्यांसाठी तो खर्च परवडणाराही नव्हता, म्हणून नमुन्याप्रमाणेच अंग फायबरग्लासचे ठेवले. त्या वर्षी हाताने जुळवून तीनशे गाड्या निघाल्या. सर्व पांढऱ्या, आत लाल. किंमत ३,४९८ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसोळा हजार रुपयांच्या आसपास.

येथेच टाळी आणि मागणी यांतील अंतर उघडे पडले. १९५४ साली ३,६४० गाड्या बांधल्या गेल्या आणि वर्षअखेर त्यांतील मोठा हिस्सा विक्रीविना पडून राहिला. कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. रूप शर्यतीच्या गाडीचे, पण आत सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोनच गतींचा स्वयंचलित गिअर. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नव्हत्या, बाजूने पडदे लावावे लागत, आणि पावसात पाणी आत शिरे. मंचावर दिव्यांच्या झोतात उभ्या असलेल्या गाडीला पाऊस कधी लागत नाही! नमुन्याने रूपाविषयीचा प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर खरे मिळाले होते. वापराविषयीचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. १९५५ मध्ये केवळ सातशे कॉर्वेट निघाल्या, तर त्याच वर्षी फोर्डच्या नव्या ‘थंडरबर्ड’ने सोळा हजारांचा आकडा ओलांडला. तिला गुंडाळणाऱ्या काचाही होत्या.

कॉर्वेट बंद करण्याचा विचार कंपनीत गंभीरपणे झाला. ती वाचली ती आठ सिलिंडरच्या नव्या इंजिनामुळे, झोरा आर्कस-डन्टॉव्ह या अभियंत्याच्या चिकाटीमुळे, आणि काही अंशी फोर्डपुढे माघार घेतल्याची नामुष्की नको म्हणूनही. वर्षाला दहा हजारांचा टप्पा तिने १९६० मध्ये गाठला. आज सत्तर वर्षे उलटूनही ती बाजारात आहे.

याच सुमारास आपल्याकडील चित्र काय होते? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारजुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे गाडी उभी राहत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशातच भाग बनविण्याचा आग्रह धरला, तेव्हा कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो व्यवसाय आवरता घेतला. अमेरिकेत स्वप्नांची मिरवणूक निघाली होती, त्याच काळात मुंबईतील शटर खाली आले.

मोटोरामातील ‘फायरबर्ड’ गाड्यांचा उल्लेख टाळता येत नाही. त्यांत पेट्रोलच्या नेहमीच्या इंजिनाऐवजी विमानासारखे गॅस टर्बाइन होते. १९५४ मध्ये दाखविलेली पहिली फायरबर्ड म्हणजे चार चाके लावलेले एकासनी विमानच. शक्ती ३७० अश्वशक्ती आणि मागून निघणाऱ्या वायूचे तापमान सुमारे ६७७ अंश सेल्सिअस. अशा गाडीच्या मागे रहदारीत कोण उभे राहणार? १९५६ची दुसरी फायरबर्ड चौघांसाठी होती, अंग टायटॅनियमचे. तिच्यासोबत दाखविलेल्या चित्रपटात १९७६ सालातील एक कुटुंब आपोआप धावणाऱ्या मोटारीतून, सुकाणूला हात न लावता, महामार्गावरून जाते असे दृश्य होते. तिसऱ्या फायरबर्डला सुकाणूचे चाकच नव्हते, एका दांड्याने सारे चालत असे. टर्बाइन इंधन फार पीत असल्याने ही वाट बंद झाली. पण अर्लच्या अखेरच्या काळातील, १९५९च्या ‘सायक्लोन’ या कॅडिलॅकच्या नाकाडात समोरचा अडथळा सांगणारे रडार होते. तीच सोय आज अनेक नव्या गाड्यांत असते, हे ती वापरणाऱ्यांना ठाऊकही नसते. अर्ल १९५८ मध्ये निवृत्त झाला. वाढता खर्च आणि घरोघरी पोहोचलेली दूरचित्रवाणी यांमुळे १९६१ नंतर मोटोरामाही थांबले.

प्रश्न उरला तो नमुन्यांचे काय करावयाचे हा. यांतील पुष्कळ गाड्या रस्त्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. काहींची इंजिने चालती नव्हती, त्या ढकलून मंचावर आणल्या जात. कोणाला विकली आणि अपघात झाला तर जबाबदारी कंपनीवर येणार. ठेवून घ्यावी तर जागा अडते, आणि गेल्या वर्षीचे भविष्य यंदा कोणी पाहावयास येत नाही. हिशेबनिसाच्या दृष्टीने काम झालेले होते, खर्च जाहिरातीत पडला होता, वस्तूचे मोल शून्य. तेव्हा अनेक गाड्या भंगारात धाडण्याचा हुकूम निघाला. मोडून टाकाव्यात, अशी स्पष्ट अट होती.

डेट्रॉइटजवळ स्टर्लिंग हाइट्स येथील एका भंगार व्यापाऱ्याच्या आवारात अशा काही गाड्या पोहोचल्या. त्याने काही कापल्या, पण सगळा माल भट्टीकडे मात्र पाठविला नाही. १९५५च्या दोन ‘लासाल-दोन’, त्याच वर्षीची शेव्हरोलेची ‘बिस्केन’ आणि कॅडिलॅकची एक ‘एल्डोराडो ब्रॉम टाउन कार’ अशा चार गाड्या, कोणी तुकड्यांत तर कोणी बरीचशी धड, तीस वर्षांच्या आसपास तेथे पडून राहिल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्यातील एका संग्राहकाने त्या विकत घेतल्या. ज्या वस्तूचे मोल एका वहीत शून्य झाले होते, ती दुसऱ्या वहीत जमेच्या बाजूला चढली. किती जमेला, याची कल्पना यावी म्हणून एक आकडा पुरे: १९५४च्या मोटोरामातील ओल्डस्मोबिलची सोनेरी ‘एफ-८८’ २००५ साली ॲरिझोनातील लिलावात ३२ लाख ४० हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे १४ कोटी रुपये होते.

बिस्केन मात्र एवढ्या सरळपणे उभी राहिली नाही. तिचे अंग कापलेले होते, खालचा सांगाडा तर नव्हताच. तो नव्याने घडवावा लागला. वर्षानुवर्षे एकेक तुकडा जुळवून, जुनी छायाचित्रे समोर ठेवून कारागिरांनी ती हिरवट गाडी पुन्हा आकारास आणली, आणि १९५५ साली जिच्याकडे लाखो लोकांनी पाहिले होते ती मोटार पुन्हा एकदा प्रदर्शनात मांडली गेली. या खेपेसही ती विक्रीस नव्हती.