अखेरच्या आजाराविषयी घरात आधीच बोलून ठेवा



नोव्हेंबर महिन्यात आपल्या बेळगाव-खानापूर भागात भाताची कापणी चालते आणि मृतांचे स्मरणही याच महिन्यात होते. दफनभूमीत मेणबत्त्या लावण्यासाठी बाहेरगावची मुले घरी येतात. चार माणसे जमली की जमिनीची गोष्ट निघते, उतारा काढून पाहिला जातो. परंतु ‘मी अखेरच्या आजारात पडलो तर माझ्यावर काय करावे आणि काय करू नये’ हे कोणी बोलत नाही. मुलांना वाटते, विचारले तर बाबांना वाईट वाटेल. वडीलधाऱ्यांना वाटते, अभद्र कशाला बोला? मग एके रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर विचारतात, “नळी घालायची काय?” थोरला हो म्हणतो, धाकटा नको म्हणतो. शेत गहाण पडते ते पडतेच, वर भावाभावांत अबोला राहतो. अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

‘उपचार नाकारणे हे पाप नव्हे काय?’ असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे याचा खुलासा केला. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर वा इतरांवर अतिशय भार टाकणारे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. पोप दुसरे जॉन पॉल २००५ साली अगदी अत्यवस्थ झाले तेव्हा त्यांना पुन्हा इस्पितळात हलवले नाही. स्वतःच्या खोलीतच उपचार चालले आणि २ एप्रिलला त्यांनी प्राण सोडला. मात्र मुद्दाम मरण आणणारे औषध देणे ही गोष्ट निराळी. ती ख्रिस्तसभेला मान्य नाही आणि देशाच्या कायद्यालाही नाही.

म्हणून यंत्राला सरसकट ‘नको’ म्हणू नका. मण्यार चावून श्वास बंद पडू लागला किंवा फवारणीचे विष अंगात भिनले, तर व्हेंटिलेटर जीव वाचवतो. काही दिवस यंत्र श्वास देते, विष उतरते आणि माणूस पुन्हा शेतावर जाऊ शकतो. पण कर्करोग सर्वांगात पसरून शरीर थकले असेल, तर तीच नळी आजार हटवीत नाही, फक्त मरण लांबवते. तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: याने आजार हटेल काय? हटला तर माणूस कोणत्या अवस्थेत घरी येईल? हा उपचार केला नाही तर त्रास कसा आवरता येईल?

यंत्र नको म्हणजे सेवा नको असे नव्हे. सोसेल तोवर अन्नपाणी, अंग पुसणे, कूस बदलणे आणि वेदनेवर औषध हे चालूच राहिले पाहिजे. डॉक्टरांनी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनला घाबरू नये. त्याने वेदना शमते, मरण ओढवत नाही. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठीही घरघर लागेपर्यंत थांबू नका. आजार गंभीर झाला की रुग्ण शुद्धीवर असतानाच फादरांना बोलवा.

आता कायद्याविषयी. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘लिव्हिंग विल’, म्हणजे उपचारांविषयीचे इच्छापत्र, मान्य केले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. आता सज्ञान माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची नावे त्यात घालावीत आणि एक प्रत घरच्या डॉक्टरांना द्यावी. मत बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते. उपचार थांबवण्यापूर्वी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती पाहतात, त्यामुळे कोणा एकाच्या शब्दावर काही होत नाही. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले. कर्नाटक सरकारनेही ३० जानेवारी २०२५ रोजी या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला.

कागद पुढे होईल, पण बोलणे आधी व्हावे. या महिन्यात मुले घरी असतील. एखाद्या संध्याकाळी रोझरी झाल्यावर सर्वांना बसवून ठेवा आणि आपली इच्छा सर्वांच्या देखत सांगा. एकट्या थोरल्याच्या कानात सांगू नका. बायकोला, मुलींना व सुनांनाही ऐकू द्या. पुढे इस्पितळाच्या दाराशी मुलांवर निर्णयाची वेळ आली, तर ‘बाबांनीच असे सांगितले होते’ एवढे त्यांना म्हणता यावे.