तटाबाहेरचे घर
(लेखांक चौथा : वस्तीची पारख)

मागील तीन लेखांकांत वडिलोपार्जित घराची वाटणी, कर्जाचा बोजा आणि भाड्याच्या बिऱ्हाडाचे लाभालाभ यांचा विचार आपण केला. आता ज्या कुटुंबाने बिदरच्या जुन्या तटाच्या आतील किंवा कलबुर्गीच्या ब्रह्मपूर, शहाबाजार यांसारख्या दाट मोहल्ल्यांतील संसार हलवून शहराच्या कडेला राहावयास जाण्याचा निश्चय केला आहे, त्याच्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो म्हणजे कोणत्या वस्तीत जावे हा. बहुतेक लोक या प्रश्नाचे उत्तर प्लॉटच्या मापात, दिशेत आणि भावात शोधतात. माझे निश्चित मत असे आहे की घराची निवड नंतर आणि वस्तीची निवड आधी झाली पाहिजे. आणि वस्तीची पारख कमावत्या माणसाच्या सोयीवरून न करता घरातील सर्वांत दुर्बळ माणसाच्या, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या आणि सत्तरीतील आजीच्या, दिनक्रमावरून केली पाहिजे. कमावता माणूस सकाळी बाहेर पडतो आणि रात्री परततो. वस्तीचे गुणदोष दिवसभर भोगावे लागतात ते मागे राहणाऱ्यांना.

पहिला विचार पाण्याचा. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी उचलून बिदरला नेली. त्यामागील राजकीय कारणे इतिहासकार अनेक सांगतात. परंतु ज्या पठारावर त्याने ती वसविली त्याच्या पोटात पाणी होते, ही गोष्ट त्या निवडीला फळ देणारी ठरली. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवरील हे पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपत जाते, खालच्या काळ्या कातळाशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. नरसिंह झरणी, पापनाश आणि नानक झिरा ही तिन्ही पवित्र स्थाने या एकाच भूरचनेची देणगी होत. याच रचनेचा उपयोग करून जुन्या काळच्या जाणकारांनी नौबादजवळ करेज, म्हणजे येथील लोक जिला सुरंग बावी म्हणतात ती भूमिगत जलवाहिनी, खोदली आणि ठिकठिकाणी उभे कूप ठेवून तिला हवा-उजेड पुरविला. दख्खनच्या पठारावरील अशा ऐतिहासिक जलव्यवस्थांचा समावेश वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जपणुकीची निकड असलेल्या स्थळांच्या २०२० च्या जागतिक यादीत केला.

नौबाद, गुंपा, चिद्री या बाजूंनी आज याच पठारावर नव्या वसाहती पसरत आहेत, म्हणून हा इतिहास घर घेणाऱ्याच्या व्यवहाराचा आहे. प्लॉट नैसर्गिक ओहोळाच्या वाटेवर आहे काय, शेजारच्या जुन्या कूपात राडारोडा भरून जमीन सपाट केली आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. बोअरला पाणी आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण ते पाणी श्रावणातले की वैशाखातले, हे शेजारच्या घरातील बाईला विचारावे, कारण हंडा तिला भरावा लागतो. कारंजा जलाशयाचे नळाचे पाणी त्या गल्लीपर्यंत पोहोचले आहे की नाही, पोहोचले असल्यास किती दिवसांआड येते आणि टँकर किती वेळा मागवावा लागतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज विसारही देऊ नये.

कलबुर्गीचे प्रकरण निराळे आहे. तेथील जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. उथळ पायावर बांधलेल्या घराच्या भिंतींना तीच दोन-चार वर्षांत तडे पाडते आणि नव्या वसाहतीतला रस्ताही तीच उखडते. पाया मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेण्याचा खर्च आधी हिशेबात धरावा, म्हणजे स्वस्त प्लॉट खरोखर किती स्वस्त आहे हे कळून येईल. शहराचे पाणी मुख्यत्वे भीमा नदी आणि बेण्णेतोरा जलाशय यांतून येते. हुबळी-धारवाड आणि बेळगाव यांच्याबरोबर गुलबर्ग्याच्या निवडक भागांतही २००८ साली चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला. त्यामुळे एकाच शहरात एका वस्तीला अखंड पाणी आणि दुसरीला काही दिवसांआड, असा भेद निर्माण झाला. तेव्हा शहराला पाणी आहे या उत्तरावर समाधान न मानता आपल्या रस्त्याला पाणी आहे काय, हेच विचारावे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहणाऱ्या या मुलुखात शहाबादी फरशी, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि रस्त्याच्या कडेला जगलेली झाडे यांचे मोल संगमरवरापेक्षा अधिक आहे.

दुसरा विचार दस्तऐवजांचा. शहराच्या कडेची बहुतेक जमीन कालपरवापर्यंत शेतजमीन होती. म्हणून प्रथम तिची पहाणी, म्हणजे जमिनीचा हक्क दाखविणारा उतारा, नंतर अकृषिक वापराचा आदेश, त्यानंतर नगरविकास प्राधिकरणाने मंजूर केलेला लेआऊटचा नकाशा आणि शेवटी खाते, असा क्रम लावून कागद पाहावेत. जमीन ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तु या पंचायतीच्या संगणकीय मालमत्ता-नोंदणीचे नमुना ९ आणि नमुना ११ मागावेत. उपनिबंधकाच्या कचेरीतून बोजापत्र काढून जुने गहाण किंवा दावा नाही याची खातरजमा करावी. शेताचे परस्पर गुंठे पाडून विकलेल्या जागेत रस्ता, गटार आणि दिवा यांची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि त्याचे दुष्परिणाम मुलांच्या पिढीपर्यंत पोहोचतात. मंजूर नकाशात बाग आणि सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा दाखविलेली असते. ती जागा आज खरोखर मोकळी आहे की तिच्यावर कोणी कुंपण घातले आहे, हे नकाशा हातात घेऊन, प्रत्यक्ष पायी फिरून तपासावे.

तिसरा विचार शाळेचा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले आहे. हाच मापदंड आपणही घर शोधताना वापरावा. येथील मराठी कुटुंबापुढे भाषेचाही प्रश्न असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठी मुलुखात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. इकडे आलेल्या या तालुक्यांत आजही मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा चालतात. परंतु शहरांच्या नव्या वसाहतींत त्या सहसा नसतात. अशा वेळी मुलाला कन्नड शाळेत घालण्यात कमीपणा मानू नये आणि मराठी वाचन घरातून सुटू देऊ नये. २०१५ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत कन्नडचे शिक्षण आवश्यकच केले आहे. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणारे मूल या सरहद्दीवर दुर्बळ होत नाही. त्याला तीन दारे उघडतात.

चौथा विचार पायी चालण्याचा. शाळा, किराणा, औषधाचे दुकान, देऊळ किंवा मशीद आणि बसथांबा ही ठिकाणे भर दुपारी आजीला हमरस्ता न ओलांडता गाठता येतात काय, हे पाहावे. जड मालमोटारींचा रिंगरोड घर आणि शाळा यांच्यामध्ये येत असेल तर तो प्लॉट फुकट मिळाला तरी महागच. बिदरला वायुदलाच्या प्रशिक्षण-विमानांचा आवाज काही भागांत दिवसाचे कित्येक तास असतो. औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्याखाली येणाऱ्या जागीही रात्री थांबून वास घ्यावा. दवाखाना किती अंतरावर आहे यापेक्षा मध्यरात्री तेथे पोहोचण्यास वाहन मिळते काय, हा प्रश्न महत्त्वाचा. कलबुर्गीच्या सेडम रस्त्यावर २०१९ साली विमानतळ सुरू झाल्यापासून त्याचे नाव सांगून प्लॉट विकले जातात. परंतु विमानतळ जवळ असणे आणि शेजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने निर्णायक विचार शेजाराचा. आपल्याच जातीची, आपल्याच भाषेची किंवा आपल्याच पंथाची वसाहत शोधण्याचा मोह आज वाढत आहे. त्याला बळी पडू नये, असे मी अगदी मनापासून सांगतो. हुमनाबादेलगत माणिकप्रभूंनी वसविलेल्या माणिकनगराची परंपरा सर्व मतांना समान आदर देणारी आहे. खाजा बंदेनवाजांचा उरूस आणि शरणबसवेश्वरांची जत्रा कलबुर्गीत एकाच शहराची माणसे करतात. अशा मिश्र सहवासात वाढलेले मूल पुढे कोठेही परके ठरत नाही. वस्तीत आठ-दहा भरलेली घरे, संध्याकाळी रस्त्यावर खेळणारी मुले आणि ओट्यावर बसणारी वडीलधारी माणसे दिसली, तर ती वस्ती जिवंत समजावी. कुलूपबंद प्लॉटांच्या मधोमध एकटे टोलेजंग घर बांधणे म्हणजे घरच्या बायकामुलांना एकांतवासात ठेवणे होय.

या सर्व कसोट्यांना उतरेल अशी वस्ती पहिल्या शोधात मिळेलच असे नाही. म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती आहे की बांधकामास हात घालण्यापूर्वी त्याच वस्तीत भाड्याने एक वर्ष राहावे, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही पाहावेत, आणि मगच निर्णय करावा. भाड्यात गेलेला पैसा वाया जात नाही; चुकीच्या जागी घातलेला पाया मात्र परत काढता येत नाही. पुढील लेखांकात खरेदीखताचा मसुदा तपासताना कोणत्या कलमांवर बोट ठेवावे, याचा विचार करू.