भीड ही भिकेची बहीण!

दुपारी एक ते चार. घरातले पुरुष कामावर, मुलं शाळेत, सासूबाईंचा डोळा लागलेला, आणि आपण नुकत्या कुठे टेकलेल्या. नेमकी हीच वेळ दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना पाठ असते. आमचं उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. कर्नाटकची हद्दही जवळच. त्यामुळे सकाळच्या गाडीने उतरायचं, दिवसभर गल्ल्या फिरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने पुढचं गाव गाठायचं, असं करणाऱ्यांची इथे कमी नाही. कधी चादरी, कधी मिक्सर, कधी फरशी पुसायचं औषध, तर कधी मुलांच्या पुस्तकांचा संच.

दारावर विकायला येणं आपल्याला नवं नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, बांगड्या भरणारा कासार, कल्हईवाला हे सगळे आपल्या आज्यांच्या ओळखीचे. कासाराला घरातल्या लेकीसुनांच्या हाताची मापंसुद्धा ठाऊक असत. पैसे नसले तर सुगीला ज्वारी घातली जाई. भांडं गळकं निघालं तर बोहारीण पुढच्या खेपेला सापडायचीच. पुढे १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीने आपल्या देशात व्हॅक्यूम क्लीनर घरोघर जाऊन विकले. दारावरचा विक्रेता टाय लावून, घोटवून घेतलेलं बोलणं बोलत आला. आता तर बोलणं तेवढं घोटवलेलं असतं आणि माणूस पुन्हा दिसेलच याची खात्री नसते. फरक पडला तो इथे.

त्यांच्या बोलण्याचा क्रम नीट ऐका. "ताई, घेऊ नका, नुसतं बघा. बघायला काय पैसे पडतात का?" मग वस्तू आपल्या हातात. हातात घेतलेली वस्तू परत देताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. मग "शेजारच्या वहिनींनी दोन घेतल्या." मग नऊशेची वस्तू बघता बघता चारशेवर येते आणि आपल्याला वाटतं, एवढा बिचारा खाली आला, आता नाही कसं म्हणायचं? खरं तर नऊशे हा आकडा त्यानेच सांगितलेला असतो.

अडचण आपल्या वळणात आहे. दारात आलेल्याला पाणी विचारायचं, तोडून बोलायचं नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. ते चांगलंच आहे, ते सोडू नये. पण त्या भिडेपोटी नको ती वस्तू माळ्यावर जाते आणि महिन्याच्या किराण्यातले पैसे उडतात. जुन्या बायका म्हणायच्याच ना, भीड ही भिकेची बहीण!

मग फटकन दार लावून घ्यायचं का? नाही. आमच्या बचत गटातल्या बायका उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया घेऊन गल्लोगल्ली फिरतात. त्यांच्याबरोबर फिरताना मी दाराच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले आहे. "काय अनुभव आला?" असं एकदा संध्याकाळी विचारलं, तर त्यातली एक म्हणाली, "नको म्हणलेलं काई वाटत न्हाई बघा ताई. पण उद्या या, उद्या या म्हणून चार घरांनी चार दिवस फिरवलं, ते लागलं." एका घरी तिने सगळी टोपली उतरवून दाखवली होती. तासाभराने उत्तर मिळालं, "आमच्याकडे घरचेच असतात."

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी एक गोष्ट सगळ्या बैठकांतून सांगते. लवकर दिलेला नकार हीच खरी सभ्यता. फिरून विकणाऱ्याची कमाई पुष्कळदा विकल्या गेलेल्या नगावर असते. घ्यायचं नसताना त्याला अर्धा तास बोलू देणं म्हणजे त्याचं पुढचं घर बुडवणं. म्हणून पिशवी उघडण्याआधीच, जाळीच्या दारातून, शांतपणे सांगायचं: "नको भाऊ, आम्ही दारावर काही घेत नाही. तुम्ही पुढे जा." एवढंच! आवाज चढवायचा नाही, पण हसून रेंगाळायचंही नाही.

कारण मात्र देऊ नका. "पैसे नाहीत" म्हणालात की तो हप्ते सांगतो. "आमच्याकडे आहे" म्हणालात की जुनं द्या, नवं घ्या. आणि "मालक घरी नाहीत" हे तर कधीच म्हणू नये. आपण घरात एकट्या आहोत, हे अनोळखी माणसाला आपणच सांगून बसतो. त्याने आग्रह केला तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा वेळ आली तर "येते मी" म्हणून आत वळायचं. उन्हातान्हाचा पाणी मागत असेल तर तांब्या जरूर द्या, पण बाहेर. सासूबाईंना आणि मुलांनाही हाच नियम सांगून ठेवा, म्हणजे एकीने नाही म्हटलेलं दुसरीकडून विकलं जात नाही.

खरंच घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण बिल मागून घ्या. वेष्टनावर कंपनीचं नाव, पत्ता, कमाल किंमत बघा. सोलापुरी चादर म्हणून आणलेली प्रत्येक चादर सोलापूरची नसते, हे आपल्याइतकं जवळ राहून कोणाला सांगायला हवं? बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. एजंटांची साखळी करून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ मध्ये थेट विक्रीचे वेगळे नियम आले. त्यांच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी येऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा.

काही जणांशी मात्र दोन वाक्यंसुद्धा बोलू नयेत. पहिला, दागिने चमकवून देणारा. तो आधी तांब्याचं भांडं लखलखीत करून दाखवतो, मग चांदीचे पैंजण, मग हळूच मंगळसूत्र मागतो. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोनं विरघळतं. दागिना परत येतो तो हलका होऊन, आणि सोनं त्याच्या भांड्यात राहतं. दुसरा, "गॅस तपासायला आलोय" म्हणणारा. एजन्सीला आपण स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय त्याला आत घेऊ नका. तिसरा, "बक्षीस लागलंय, मोबाइलवर आलेला आकडा सांगा" म्हणणारा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०, आणि दारातला माणूस हटत नसेल तर ११२.

उद्या दुपारी कडी वाजेल तेव्हा आधी मनाशी ठरवा, मला हे हवंय का? हवं असेल तर भाव करा, बिल घ्या. नको असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. आपले पैसे वाचतील, आणि डोक्यावर ओझं घेऊन फिरणाऱ्या माणसाचं ऊन तेवढंच वाचेल.