स्वर्गही नको म्हणणारी बाई चर्चला का खुपली?

१ जून १३१०. पॅरिसमधल्या प्लास द ग्रेव्ह चौकात मार्गरीट पोरेट नावाच्या बाईला जिवंत जाळण्यात आलं. गुन्हा काय, तर तिने एक पुस्तक लिहिलं होतं. नाव ‘द मिरर ऑफ सिंपल सोल्स’, म्हणजे साध्यासुध्या आत्म्यांचा आरसा.

हे पुस्तक आधी एका बिशपने तिच्या डोळ्यांदेखत जाळलं होतं. पुन्हा पसरवू नकोस, अशी ताकीदही दिली होती. तिने ऐकलं नाही. खटल्यात तर तिने शपथ घ्यायलाच नकार दिला आणि शेवटपर्यंत गप्प राहिली.

मार्गरीट ‘बेगीन’ म्हणून ओळखली जायची. बेगीन म्हणजे लग्न न करता, पण मठातल्या ननसारखी कायमची शपथही न घेता देवासाठी जगणाऱ्या बायका.

पुस्तकात असं होतं तरी काय?

आत्मा सात पायऱ्या चढत देवाकडे जातो, असं ती सांगते. पण या चढण्यात काही मिळवायचं नसतं, सोडत जायचं असतं. पैसा, मान हे सोडणं त्यातल्या त्यात सोपं. खरी मेख पुढे आहे. ‘मला देवाच्या इच्छेप्रमाणे वागायचंय’ असं म्हणणाऱ्याकडे अजून एक इच्छा शिल्लक असते, म्हणजे ‘मी’ शिल्लक असतो. मग देव हवा असण्याची इच्छाही सोडायची. जो देव मागत नाही, त्याच्यातच देवाला जागा होते, असा हा उलटा हिशेब.

अशा आत्म्याला स्वर्गाचं आमिष नाही आणि नरकाची भीती नाही. उपास, प्रार्थना, मिस्सा यांचीही त्याला आस राहत नाही. आता ज्याला काहीच नको, त्याला चर्च देणार काय आणि धाक कसला घालणार?

पॅरिसच्या २१ धर्मपंडितांनी पुस्तकातून वेगळी काढलेली वाक्यं तपासली आणि पाखंड ठरवली. आत्मा सद्गुणांपासून मोकळा होतो, हे त्यातलं एक. याचा अर्थ वाट्टेल तसं वागा, असा घेतला गेला. तिचं म्हणणं वेगळं होतं. सद्गुण अंगात इतके मुरतात की त्यांच्यासाठी धडपडावं लागत नाही.

जर्मन धर्मगुरू माइस्टर एकहार्ट पुढच्याच वर्षी पॅरिसला शिकवायला आले. त्यांचाही सूर असाच होता. लोक गाईवर दुधासाठी प्रेम करतात तसं देवावर करतात, अशी त्यांची तक्रार होती. आपण मनात जो देव बनवून ठेवलाय, त्यापासूनही सुटायला हवं, असं ते प्रवचनात सांगायचे. १३२९ मध्ये पोपने त्यांची २८ विधानं पाखंडी किंवा संशयास्पद ठरवली. तोवर एकहार्ट वारले होते.

मार्गरीटचं पुस्तक मात्र टिकलं, तिच्या नावाशिवाय. लॅटिन, इटालियन, इंग्रजीत त्याच्या हस्तलिखित प्रती होत राहिल्या. गंमत म्हणजे १९२७ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती कॅथलिक चर्चच्या रीतसर मंजुरीने छापली गेली. लेखक अज्ञात. हे जाळलेल्या मार्गरीटचंच पुस्तक आहे, हे इटलीतल्या संशोधक रोमाना ग्वार्निएरी यांनी जाहीर केलं १९४६ मध्ये.