'आमचा' आणि 'आमच्यातला' : समूहसंबंधाच्या षष्ठीचा विचार

नांदेड एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये नांदेड येथे 'पीपल्स कॉलेज' सुरू केले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ह्या महाविद्यालयाचे नाव रोमन लिपीत लिहिताना 'पीपल' आणि त्यापुढील 'एस्' ह्यांच्या मध्ये अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह येते. 'पीपल' हा शब्द अर्थाने अनेकवचनी असला तरी त्याला अनेकवचनाचा 'एस्' लागलेला नसतो. म्हणून षष्ठीचे चिन्ह 'एस्'च्या आधी पडते. तेच चिन्ह 'एस्'च्या नंतर घातल्यास अर्थ 'लोकांचे' असा न राहता 'निरनिराळ्या लोकसमूहांचे' असा होतो. आफ्रिकेतील राष्ट्रांनी १९८१ मध्ये संमत केलेल्या मानवी व लोकसमूहांच्या हक्कांच्या सनदेच्या इंग्रजी नावात ते नंतरच आहे. देवनागरीत मात्र दोन्ही रूपे 'पीपल्स' अशीच लिहावी लागतात, आणि नांदेडच्या नागरिकास त्यामुळे काही उणे पडल्याचे कधी जाणवलेले नाही.

असे का व्हावे? इंग्रजी भाषा समूहाशी असलेल्या संबंधातील जे भेद चिन्हाने दाखविते ते मराठीला दाखवावयाचे नसतात, की ती ते अन्य ठिकाणी दाखविते? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. इंग्रजीतील चिन्ह आणि उच्चार

'टीचर्स युनियन' हा शब्दप्रयोग इंग्रजीत तीन प्रकारे लिहिता येतो. चिन्ह 'एस्'च्या आधी असल्यास संघटना एका शिक्षकाची ठरते. नंतर असल्यास अनेकांची. आणि चिन्हच नसल्यास 'टीचर्स' हे षष्ठ्यन्त रूप न राहता 'युनियन'चे विशेषणवत् उपपद बनते. तिन्हींचा उच्चार मात्र एकच. म्हणजे हा भेद केवळ डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. ऑक्सफर्ड येथील क्वीन्स कॉलेज एका राणीच्या नावाचे आहे व केंब्रिज येथील क्वीन्स कॉलेज दोन राण्यांच्या. दोहोंतील फरक अपॉस्ट्रॉफीच्या स्थानावर आहे. तो बोलून दाखविता येत नाही.

हा लेखननियमही फार जुना नव्हे. अनेकवचनी षष्ठीसाठी चिन्ह शेवटी घालण्याची पद्धती अठराव्या शतकापर्यंत स्थिर झालेली नव्हती. आजही अनेक संस्था आपल्या नावातून ते गाळतात. शेतकरी कामगार पक्षाचे इंग्रजी नावही सामान्यतः चिन्हावाचूनच लिहिले जाते.

२. मराठीतील अनुस्वार

मराठीत 'शिक्षकाचा' आणि 'शिक्षकांचा' ह्यांत भेद आहे तो एका अनुस्वाराचा. इंग्रजी चिन्हाप्रमाणे तोही लहानसा आहे. पण तो उच्चारला जातो आणि ऐकू येतो. तेव्हा वचनभेद दाखविण्याच्या बाबतीत मराठी इंग्रजीहून अधिक स्पष्ट आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु मराठीत संदिग्धता दुसऱ्या वाटेने शिरते. आदरार्थी बहुवचनामुळे 'शिक्षकांचा' हे रूप एका आदरणीय शिक्षकालाही लागू पडते. 'देशमुखांचा वाडा' म्हटल्यावर तो एका देशमुखाचा, हयात असलेल्या साऱ्या भावंडांचा, की घराण्याचा, हे केवळ रूपावरून सांगता येत नाही. इंग्रजीत एक की अनेक, हे कानाला कळत नाही. मराठीत अनेक की आदरणीय, हे व्याकरणाला कळत नाही.

संस्थांच्या नावांत मराठी पुष्कळदा प्रत्ययच टाळते आणि समासाचा आश्रय घेते. 'शेतकरी कामगार पक्ष', 'विद्यार्थी वसतिगृह', 'महिला महाविद्यालय' ही नावे पाहावीत. केशवराव धोंडगे ह्यांनी कंधारहून विधानसभेत दीर्घकाळ ज्या पक्षाचे प्रतिनिधित्व केले, त्याच्या नावात पक्ष शेतकऱ्यांनी काढलेला, शेतकऱ्यांसाठी काढलेला, की शेतकऱ्यांचा मिळून बनलेला, हे सांगितलेले नाही. 'शेतकऱ्यांचा पक्ष' म्हणताच तो एक दावा होतो, आणि दाव्याला प्रतिवाद संभवतो. समासाने तो प्रश्न उघडा ठेवला जातो.

३. निर्धारणाचा प्रश्न

आतापर्यंत पाहिलेल्या उदाहरणांत एक वस्तू वा संस्था समूहाशी जोडलेली होती. एखादी व्यक्ती स्वतः त्या समूहाची घटक असेल तर काय होते? समूहातून एकास वेगळे काढून दाखविणे ह्यास संस्कृत वैयाकरण 'निर्धारण' म्हणतात. पाणिनीने ह्या अर्थी षष्ठी व सप्तमी ह्या दोन्ही विभक्ती विहित केल्या आहेत. म्हणून श्रेष्ठ कवी कालिदास हा 'कवीनाम्' असेल किंवा 'कविषु' असेल, अर्थ एकच. इंग्रजी येथे 'ऑफ'चा, म्हणजे षष्ठीच्या अर्थाचा, मार्ग घेते : 'वन ऑफ अस'. मराठीने 'पैकी' ह्या शब्दयोगी अव्ययाखेरीज मुख्यतः सप्तमीचा मार्ग पत्करला. 'आत' ह्या स्थलवाचकापासून सिद्ध झालेले 'तला' व 'तील' हे प्रत्यय तिने घेतले : 'आमच्यातला एक', 'विद्यार्थ्यांतील एक'.

ह्या निवडीमुळे मराठीत षष्ठी व निर्धारण ह्यांचे कार्य वेगळे राहिले. 'आमचा माणूस' आणि 'आमच्यातला माणूस' हे दोन प्रयोग समानार्थी नाहीत. त्याची कसोटी अशी : 'तो आमच्यातला नाही, पण आमचा आहे' हे वाक्य निरर्थक वाटत नाही, 'तो आमच्यातला आहे, पण आमचा नाही' हेही नाही. पहिल्यात घटकत्व नाकारून निष्ठा मान्य केली आहे; दुसऱ्यात घटकत्व मान्य करून निष्ठा नाकारली आहे. निवडणुकीच्या काळात ही दोन्ही वाक्ये मराठवाड्यातील कोणत्याही गावात ऐकावयास मिळतील. इंग्रजीतही 'वन ऑफ अस' व 'वन ऑफ अवर्स' असा भेद आहे. पण भाषांतर करताना दोन्ही ठिकाणी 'आमचा' लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांत दिसते, आणि तीत मूळचा अर्थ हरवतो.

'तला' ह्या प्रत्ययाला सामाजिक वजनही आहे. 'आमच्यात असे चालत नाही', 'तुमच्यात लग्नात काय देतात?' ह्या वाक्यांतील 'आमच्यात' व 'तुमच्यात' हे शब्द जात किंवा कूळ सुचवितात. त्यांचे नाव उच्चारावे लागत नाही. सोयरिकीच्या बोलण्यात 'मुलगा आपल्यातला आहे' एवढे सांगितले की पुढील प्रश्न संपतो. ज्या समूहात मनुष्य जन्माने असतो, त्याचे हे व्याकरण होय. षष्ठीने सांगितलेला संबंध मात्र जोडताही येतो व तुटूही शकतो.

४. ऐकणारा आत की बाहेर?

इंग्रजी 'अवर' मध्ये श्रोता अंतर्भूत आहे की नाही, हे कळत नाही. मराठीत 'आमचे गाव' श्रोत्यास वगळते व 'आपले गाव' त्यास सामावून घेते. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या सीमाभागांत मराठीच्या शेजारी तेलुगू बोलली जाते, आणि तेथेही हाच भेद आहे : परगावच्या पाहुण्यास 'मा ऊरु' व आपल्याच गावच्या माणसास 'मन ऊरु'. इतकेच नव्हे, तर निर्धारणासाठी तेलुगूही अधिकरणाचा प्रत्यय वापरते : 'मालो ओकडु', म्हणजे 'आमच्यातला एक'; 'मनलो ओकडु', म्हणजे 'आपल्यातला एक'. नांदेडकडच्या दखनीतही 'हम'च्या जोडीला 'अपन' हे समावेशक रूप आढळते. ह्या बाबतीत तिन्ही भाषा एकमेकींना जवळच्या आहेत आणि इंग्रजीला दूरच्या.

मात्र 'आपला' हे रूप सर्वस्वी निःसंदिग्ध नाही. 'तो आपल्या गावी गेला' येथे ते स्ववाचक आहे. 'आपले नाव काय?' येथे आदरार्थी द्वितीय पुरुषी. 'आपला माणूस' ह्या शब्दांचे सभेतील सामर्थ्य ह्या समावेशकतेत आहे : वक्ता श्रोत्याची संमती न विचारताच त्यास समूहात घेतो.

५. उपसंहार

'तील' ने दर्शविलेला संबंध प्रशासनाच्या निर्णयानेही बदलतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर हे बीदर जिल्ह्यातील गाव होते. पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यातील झाले, आणि १९८२ मध्ये नवा जिल्हा झाल्यावर लातूर जिल्ह्यातील. उदगीरचा किल्ला मात्र ह्या सर्व काळात उदगीरचाच राहिला.

व्यक्तीच्या बाबतीत ह्याहून बोलके उदाहरण स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचे आहे. त्यांचा जन्म १९०३ मध्ये आजच्या कर्नाटकाच्या भूमीत झाला. हिप्परगा व अंबाजोगाई येथे त्यांनी अध्यापन केले, पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. जन्माने ते मराठवाड्यातले नव्हेत; तरी ते मराठवाड्याचे आहेत, ह्याविषयी नांदेड-लातूरकडे कोणी शंका घेणार नाही. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले.

म्हणून 'पीपल्स कॉलेज'चे मराठी करावयाचे झाल्यास ते 'लोकांचे महाविद्यालय' असेच करावे लागेल, 'आमच्यातल्यांचे' नव्हे. अपॉस्ट्रॉफी देवनागरीत उतरली नाही, ह्याने फारसे बिघडलेले नाही. तिने राखावयाचा वचनभेद मराठीत अनुस्वार राखतो. समूहाचे असणे आणि समूहात असणे हा त्याहून खोल भेद मराठीने 'चा' आणि 'तला' ह्या दोन प्रत्ययांत सांभाळला आहे. भाषांतरकाराने व अभ्यासकाने तो ढळू देऊ नये.