कॉनेमाराच्या तट्टांचे प्रदर्शन

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यात, कॉनेमारा नावाचा प्रदेश आहे. एकीकडे अटलांटिक महासागर, दुसरीकडे उघडे डोंगर आणि मधली भूमी म्हणजे खडक व दलदल. माती इतकी पातळ की पूर्वी तेथील कुळे किनाऱ्यावरचे शेवाळ आणून शेतात पसरीत व त्या खतावर बटाटे पिकवीत. हे ओले शेवाळ, तसेच दलदलीतून कापून वाळविलेली जळणाची माती, पाठीवरील करंड्यांतून ज्या जनावराने पिढ्यान्‌पिढ्या वाहिली ते कॉनेमारा तट्टू होय. त्याचे वार्षिक प्रदर्शन ऑगस्ट महिन्यात क्लिफडन या लहानशा गावी भरते. २०२५ साली ते पाहण्याचा योग आला. एका दूध-कारखान्यातील यंत्रांच्या कामासाठी मला सहा महिने त्या देशी राहावे लागले होते. घरची आठवण फार होई; तेव्हा निदान एक दिवस तरी जनावरांत व शेतकऱ्यांत घालवावा, या इच्छेने मी तेथे गेलो.

या जातीचा पूर्ववृत्तांत आपल्या वाचकांस उपयोगी वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तट्टांची सुधारणा व्हावी म्हणून सरकारी मंडळाने बाहेरचे वळू घोडे आणले. त्यांत वेल्श होते, हॅकनी होते, शर्यतीचे थरोब्रेडही होते. प्रोफेसर युअर्ट या प्राणिशास्त्रज्ञांनी १८९७ साली प्रदेशाची पाहणी केली व मूळ जातीची काटकता वाखाणून ती राखण्याची शिफारस केली. पुढे १९२३ साली पैदासकारांनी औटरार्ड येथे आपली संस्था स्थापन केली, आणि १९२६ साली वंशावळीचे पहिले पुस्तक छापले. त्यात अवघे ९ वळू व ९३ घोड्या होत्या. पहिल्या क्रमांकावर नोंदलेल्या ‘कॅनन बॉल’ नामक घोड्याने औटरार्डची शेतकऱ्यांची शर्यत लागोपाठ सोळा वर्षे जिंकली असे सांगतात. एरव्ही तो गाडीसच जुंपला जाई. मला विशेष वाटले ते हे की, त्या वेळी त्या देशातील यादवी नुकतीच संपली होती, घरोघरी दारिद्र्य होते, तरीही कोणती घोडी कोणाची व तिची आई कोणती, हे लिहून ठेवण्यास माणसे एकत्र जमली.

मैदानातील प्रकार साधा. वयाप्रमाणे व नर-मादीप्रमाणे वर्ग पाडलेले असतात. जनावरे हाती धरून रिंगणात फिरवितात, मग रांगेत उभी करतात, आणि एकेकास पुढे बोलावून सरळ रेषेत चालवून व दुडक्या चालीने पळवून पाहतात. परीक्षक पायांवरून हात फिरवितो, खूर पाहतो, मागून व पुढून चाल निरखितो. उंची साधारण १२८ ते १४८ सेंटिमीटर असावी असा दंडक आहे. शिंगरासह घोड्यांचा वर्ग आला तेव्हा कठड्याभोवती गर्दी दाटली. पांढऱ्याशुभ्र आया आणि त्यांच्या बगलेला काळसर शिंगरे! या जातीत करड्या रंगाची शिंगरे गडद जन्मतात व वयाबरोबर पांढरी होत जातात, हे ठाऊक नसलेल्या पाहुण्यास कोणी पोरे बदलली की काय असे वाटावे.

माझ्या शेजारी एक वृद्ध शेतकरी उभे होते. आमच्याकडे घोडे काय काम करतात, असे त्यांनी पुसले. आमच्याकडे काम बैलांचे, उद्या त्यांचा सण आहे व त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत, असे मी सांगितले. “वर्षातून एकच दिवस?” असे म्हणून ते हसले. उत्तर मला सुचले नाही.

आयर्लंडात दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदेमळणी चालली असेल म्हणून मी फोन लावला. पारनेर तालुक्यातील आमच्या गोठ्यात माझा सात वर्षांचा मुलगा तूप-हळद घेऊन बैलाच्या खांद्यापर्यंत हात पोचतो का ते पाहत होता. “बाबा, तिथल्या घोड्यांना झूल घालतात का?” त्याने विचारले. घालीत नाहीत, नुसती अयाळ विंचरतात, हे ऐकून त्यास त्या घोड्यांची कीव आली. मग दादा फोनवर आले. नांगरट आता ट्रॅक्टरने होते, मी परदेशी, वैरणपाण्यास माणूस नाही; तेव्हा पोळा झाला की जोडी विकावी असे त्यांनी सांगितले. मी होय म्हटले नाही, नाहीही म्हणवेना. याच क्लिफडनजवळच्या दलदलीतून १९०७ साली मार्कोनीने महासागरापलीकडे बिनतारी संदेशांची व्यापारी सेवा सुरू केली. त्या जागी उभे राहून हाती असलेल्या यंत्राने घरचे सारे ऐकावे, आणि दाव्याला हात लावता येऊ नये!

खुरांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या जातीत खुराची भिंत फाटून सुटण्याचा एक आनुवंशिक रोग आढळतो. आईबाप दोघेही वरून धडधाकट परंतु दोष वाहणारे असल्यास चार शिंगरांत सरासरी एकास तो होतो. हल्ली केसांच्या मुळांवरून प्रयोगशाळेत दोष ओळखता येतो. वाहक जनावर बाद करण्याचे कारण नाही. निर्दोष जोडीदाराशी त्याचा संयोग केला म्हणजे रोगट शिंगरू होत नाही. पण जोडीदार कोण हे कळण्यासाठी वंशावळ हवी, आणि ती तेथे शंभर वर्षांची तयार आहे. शेवाळ वाहण्याचे काम गेले, तरी मुलांच्या बसण्यासाठी व उड्यांच्या शर्यतींसाठी हे तट्टू आज देशोदेशी जाते, याचेही मूळ त्या पुस्तकातच आहे.

आमच्या भागातून दरवर्षी धनगरांचे वाडे मेंढरांसह जातात. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, कधी तान्हे मूलही असते. या भीमथडी घोड्यास कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. परंतु सरकारदप्तरी नाव चढले तरी, कोणत्या वाड्यातील घोडीस कोणत्या घोड्यापासून शिंगरू झाले ही टिपणे वाड्यावाड्यांतूनच निघाली पाहिजेत. आपल्या संस्थेने एखाद्या तालुक्यापुरती एक वही घातली, तर त्यास फार खर्च येईल असे मला वाटत नाही.

रात्री मी दादांस एवढेच कळविले की, जोडीतल्या पाखऱ्याची आई कोण, तो कोणाच्या गोठ्यातला, हे आठवते तेवढे मुलाकडून लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. पाखऱ्याच्या आजीपर्यंतची माहिती निघाली होती, आणि शेवटी मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते की, जोडी दिवाळीपर्यंत राहणार आहे, असे आजोबा म्हणाले.